गृहव्यवस्था : न्हाणीघराचें नवें काम

घराची पारख दिवाणखान्यावरून करूं नये, न्हाणीघरावरून करावी, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. दिवाणखाना घटकाभर बसणाऱ्या पाहुण्यांसाठीं असतो. न्हाणीघर घरांतील लहानथोर प्रत्येक माणसासाठीं असतें, आणि प्रत्येकाच्या दिवसाचा आरंभ तेथूनच होतो. असें असूनहि घर बांधतांना सर्वांत कमी विचार ज्या खोलीचा होतो ती हीच, आणि घर जुनें होऊं लागलें म्हणजे सर्वांत आधीं कुरकुरूं लागते तीहि हीच. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत न्हाणीघराच्या दुरुस्तीविषयीं विचारणा हल्लीं वारंवार होऊं लागली आहे. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीचें पत्र येथें थोडक्यांत सांगितल्यास विषयाचें स्वरूप वाचकांच्या ध्यानांत येईल. त्यांचें एकत्र कुटुंब. घरांत आठ माणसें. सदनिका दुसऱ्या मजल्यावर आणि इमारत तीस वर्षांची. खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओलीचा डाग पडला आहे आणि पावसाळा सरला तरी तो वाळत नाहीं. मामंजी म्हणतात, इतकीं वर्षें चाललें, आणखी चार वर्षें चालेल. थोरल्या दिरांना कांचेचा आडपडदा, संगमरवर आणि डोक्यावर पावसासारखा पडणारा फवारा हवा आहे. त्यांचे स्वतःचे यजमान खर्चाच्या आंकड्याकडे पाहून गप्प आहेत. सासूबाई कांहींच बोलत नाहींत. मात्र, भगिनी लिहितात, गेल्या दिवाळीपासून त्या रोज स्नान करीत नाहींशा झाल्या आहेत; दिवसाआड करतात. कारण विचारलें तर थंडी सोसत नाहीं म्हणून सांगतात. खरें कारण असें कीं, त्या त्याच फरशीवर दोनदां घसरल्या आणि दोन्ही वेळां त्यांनीं तें कोणास कळूं दिलें नाहीं.

आमच्या मतें या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य हें शेवटचें होय. जिनें जन्मभर स्नानावांचून देवघरांत पाऊल टाकलें नाहीं, तिनें आपल्याच घरच्या मोरीस भ्यावें, ही साधी गोष्ट नव्हे. छताचा डाग हा पैशाचा प्रश्न आहे. हा दुसरा प्रश्न माणसाच्या हाडांचा आणि स्वाभिमानाचा आहे. न्हाणीघराचें काम काढावयाचें तर या दोहोंचा विचार एकाच वेळीं झाला पाहिजे. संगमरवराची पाळी त्यानंतर येते.

प्रथम निदान, मग औषध, हा वैद्यकाचा नियम येथेंहि लागू आहे. ओल कोठून येते हें ठरविल्यावांचून फरशीवर घण घालूं नये. ओलीचीं कारणें मुख्यतः तीन असतात : भिंतींतील दाबाची नळी गळणें, सांडपाण्याचा नळ किंवा त्याचा सांधा गळणें, आणि फरशीखालील जलरोधक थर निकामी होणें. दाबाच्या नळींत पाणी रात्रंदिवस भरलेलें असतें, म्हणून ती गळत असेल तर खोली चार दिवस न वापरली तरी डाग ओलाच राहतो. उलट, वापर थांबविल्यावर डाग हळूहळू वाळूं लागला, तर दोष सांडपाण्याच्या वाटेंत किंवा फरशींत आहे असें समजावें. स्लॅबमध्यें मुरलेलें पाणी फार सावकाश उतरतें, यास्तव निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. घरास पाण्याचा स्वतंत्र मीटर असेल तर रात्रीं टांकी भरून, सर्व तोट्या बंद करून आंकडा लिहून ठेवावा आणि पहाटे पुन्हां पाहावा. तो सरकला असेल तर पुरावा हातीं आला. दोष एखाद्या सांध्यापुरताच निघाला तर सगळी खोली फोडण्याचें कारण नाहीं. तो जलरोधक थरांत निघाला, तर मात्र फरशीच्या फटींतून वरवर कांहीं भरून घेणें म्हणजे तापावर चंदनाचा लेप लावणें होय. घटकाभर गार वाटतें, ताप जात नाहीं.

निदान झालें म्हणजे कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन बसावें. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें नुसत्या न्हाणीघरास निदान 1.8 चौरस मीटर, आणि न्हाणी व शौचकूप एकत्र असल्यास 2.8 चौरस मीटर जागा असावी, रुंदी 1.2 मीटर, म्हणजे सुमारें चार फूट, याहून कमी नसावी. आपली जागा या मापाच्या जवळपास असेल तर मोठा हौद, मोठें कपाट असल्या कल्पना तेथेंच सोडाव्या. जागा लहान असली तरी न्हाण्याची ओली बाजू आणि शौचकूपाची कोरडी बाजू अशी वांटणी बहुधा करतां येते, आणि घसरण्याची निम्मी भीति तेवढ्यानेंच जाते. शौचकूप जागचें हलविण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो आवरावा. त्याचा नळ 110 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चार इंची असतो आणि त्यास अखंड उतार लागतो. जागा लांबविली कीं उतारासाठीं फरशी उंच करावी लागते, आणि उंच फरशी म्हणजे दारांत एक नवी पायरी. म्हाताऱ्या माणसाच्या पायांत घातलेली ती बेडीच समजावी.

या बैठकीस घरांतील दोन माणसें अवश्य बोलवावीं. एक, ती खोली रोज घासून धुणारें. दुसरें, तेथें जावयास भिणारें. पुष्कळ घरीं आराखडा कर्ते पुरुष आणि कंत्राटदार असे दोघेच मिळून करतात, आणि मग बादली ठेवावयास जागा नाहीं, कपडे टांगावयास खुंटी नाहीं, साबणाची वडी ठेवावी तर वांकावें लागतें, असल्या तक्रारी काम संपल्यावर निघूं लागतात. तक्रार आधीं ऐकली तर ती फुकट असते. मागून ऐकली तर तिचे पैसे पडतात.

काळवेळहि पाहावी. भर पावसाळ्यांत हवा दमट असते आणि जलरोधक थर वाळण्यास फार वेळ लागतो. म्हणून दिवाळीनंतरचा काळ चांगला. मुलांच्या परीक्षा आणि घरचें कार्य टाळावें. सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेंत असेल तर संस्थेस आधीं लेखी कळवावें. इमारतीचे खांब आणि तुळया यांस छिन्नी लावूं देऊं नये. खालच्या बिऱ्हाडांत स्वतः जाऊन कामाचे दिवस सांगून यावें आणि त्यांच्या छताची पाहणी करण्याची परवानगी मागून ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. घरांत एकच न्हाणीघर असल्यास आठ माणसांची सोय कोठें, हा प्रश्न पहिला घण पडण्यापूर्वीं सोडवावा. शेजाऱ्यांकडे मुलांची, आप्तांकडे वडील माणसांची अशी व्यवस्था तीन-चार आठवड्यांसाठीं लावावी. कारागीर पंधरा दिवसांची बोली करतात; परंतु सिमेंट कोणाच्याहि बोलीनें पक्कें होत नाहीं. तें आपल्याच वेळानें होतें.

आतां कामाचा क्रम. संस्कृत वाक्यांत पदें मागेंपुढें झालीं तरी विभक्तीच्या बळावर अर्थ बिघडत नाहीं. न्हाणीघराच्या कामास हा नियम लागत नाहीं. येथें एक पद मागेंपुढें झालें कीं सगळें वाक्य फोडून पुन्हां लिहावें लागतें. म्हणून पायऱ्या ओळीनें सांगतों.

पहिली पायरी फोडकामाची. पाणी आणि वीज बंद करून जुनीं उपकरणें काढावीं, सांडपाण्याच्या नळांचीं तोंडें कापडानें घट्ट बुजवावीं, आणि मग फरशी व तिच्याखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा स्लॅबपर्यंत काढावा. तोंडें बुजविण्याचें राहिलें तर राडारोडा नळांत जाऊन बसतो आणि नव्या घराचा पहिला दिवस तुंबलेल्या नळानें उजाडतो. राडारोडा गॅलरींत रचूं नये. त्याचें वजन थोडें नसतें. तो रोजच्या रोज उतरवून नगरपालिकेनें नेमलेल्या ठिकाणीं पोंचवावा.

दुसरी पायरी पायाच्या जलरोधनाची, आणि सर्व कामाचा जीव येथें आहे. हें ज्ञान आपल्या भूमींत नवें नाहीं. आज पाकिस्तानांत असलेल्या सिंध प्रांतांत मोहेंजोदडो येथें गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जें महास्नानगृह उत्खननांत सांपडलें, तें सुमारें 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि 2.4 मीटर खोल आहे. त्याच्या विटा एकमेकींस चिकटून घट्ट बसविल्या असून दर्जेस जिप्समचा गिलावा वापरला आहे, आणि पाणी बाहेर झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिला आहे. निचऱ्याची वाटहि काढून ठेवली आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांस जें कळलें होतें, तेंच आज करावयाचें : विटांवर व फरशीवर विसंबावयाचें नाहीं, पाणी अडविणारा थर निराळा पाहिजे. फरशी पाणी अडविते हा भ्रम आहे. फरशी दिसावयास व धुवावयास असते. पाणी तिच्या सांध्यांतून खालीं उतरतेंच.

स्लॅब झाडून स्वच्छ करावा, भेगा रुंद करून भराव्या, आणि भिंत व जमीन जेथें मिळतात त्या कोपऱ्यांत सिमेंटचा गोलसर वाटा काढावा. कारण काटकोनी कोपऱ्यांत थर पातळ पडतो आणि तेथेंच तो फाटतो. मग सिमेंट व पॉलिमर यांच्या जलरोधक मिश्रणाचे दोन हात द्यावे. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनें. नळ जेथें स्लॅबमधून आरपार जातो त्या कडा विशेष काळजीनें भरून घ्याव्या. गळतीचीं बहुतेक मूळस्थानें कोपरे आणि नळांच्या कडा हींच असतात. मधली मोकळी जमीन क्वचितच दगा देते.

यानंतर परीक्षा. निचऱ्याचें तोंड बंद करून खोलींत दोन-तीन इंच पाणी भरावें, भिंतीवर पाण्याची रेघ खडूनें आंखावी आणि निदान 24 तास, शक्य तर 48 तास, तें तसेंच ठेवावें. दुसऱ्या दिवशीं खालच्या बिऱ्हाडाचें छत पाहावें. आधीं मागून ठेवलेली परवानगी येथें उपयोगी पडते. पाण्याची पातळी थोडी खालीं जाईल, तें बाष्प होऊन गेलें असें समजतां येईल. परंतु छतावर थेंब दिसला तर पुढची पायरी चढूं नये. कारागीर म्हणतील, आम्ही शेंकडों कामें केलीं, कधीं गळलें नाहीं. त्यांस नम्रपणें सांगावें कीं, विद्यार्थी हुशार आहे म्हणून परीक्षा रद्द करण्याची शाळेंत पद्धत नाहीं.

तिसरी पायरी नळांची. जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या असतात. त्या आंतून गंजून चोंदतात आणि पाण्याची धार वर्षावर्षानें बारीक होत जाते. हल्लीं गरम व थंड दोन्ही पाण्यांसाठीं सीपीव्हीसीच्या नळ्या वापरतात. यूपीव्हीसी ही तिची धाकटी बहीण थंड पाण्यास चांगली, पण गीझरच्या पाण्यानें ती मऊ पडते. कोणी दोन पैसे वांचविण्यासाठीं ती गरम पाण्यास लावूं लागला तर लावूं देऊं नये. सांडपाण्याच्या जाळीखालीं जो नहाणी ट्रॅप बसवितात, त्यांत निदान 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, पाणी सदैव उभें राहिलें पाहिजे. तें पाणीच दुर्गंधीस आणि झुरळांस अडविणारा द्वारपाल आहे. घर महिनाभर बंद असलें म्हणजे तें सुकून जातें आणि घरभर वास सुटतो. तेव्हां इलाज एकच, तांब्याभर पाणी ओतणें. नळ्या बसल्यावर भिंत बुजविण्यापूर्वीं दाब-पंपानें त्यांची परीक्षा घ्यावी, आणि प्रत्येक भिंतीस मोजपट्टी लावून तिचें छायाचित्र काढून ठेवावें. पुढें खुंटी ठोकावयाची वेळ आली म्हणजे हें चित्र सोन्याच्या मोलाचें ठरतें.

चौथी पायरी भिंतींच्या गिलाव्याची. विजेच्या तारांच्या नळ्या याच वेळीं भिंतींत घालून घ्याव्या. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावें. पांचवी पायरी भराव आणि उताराची. उतार 80 ते 100 भागांस एक भाग असावा. म्हणजे आठ फुटांच्या लांबीस एक ते सव्वा इंच. याहून कमी उतार दिला तर पाणी सांचतें, फार दिला तर पाट डगमगतो आणि पायहि ठरत नाहीं. गवंड्यानें पाणसळ लावली असली तरी आपण एक तांब्या पाणी दाराशीं ओतून पाहावें. तें न थबकतां जाळीकडे गेलें पाहिजे. या उतारावर जलरोधक मिश्रणाचा दुसरा थर द्यावा, तो भिंतींवर सगळीकडे निदान एक फूट आणि न्हाण्याच्या बाजूस डोक्याइतक्या उंचीपर्यंत चढवावा, आणि पाणी भरून पुन्हां परीक्षा घ्यावी.

सहावी पायरी टाइलची. हिच्याकडे सर्वांचें लक्ष असतें, म्हणून हिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल या भिन्न जाती आहेत. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात. जमिनीसाठीं ज्या व्हिट्रिफाइड टाइल मिळतात त्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शोषीत नाहींत. भिंतीची टाइल जमिनीस लावूं नये. जमिनीची टाइल खरखरीत पृष्ठाची घ्यावी, आणि दुकानांत ती कोरडी पाहून पसंत करूं नये. तिच्यावर पाणी व साबणाचा फेंस टाकून अनवाणी पायानें घासून पाहावी. आपल्याकडची जुनी शहाबादी फरशी किंवा न घोटलेला कोटा दगड यांसहि कमी लेखूं नये. पाय चांगला ठरतो, आणि दोन्ही दगड टिकाऊ आहेत. घोटून चकचकीत केलेला संगमरवर मात्र न्हाणींत नको. तो ओला झाला कीं निसरडा होतो, आणि आम्लाचा थेंब पडला तर त्यास खड्डा पडतो. जमिनीस एक फूट चौरसाहून मोठी टाइल घेऊं नये. मोठी टाइल उतारास वळत नाहीं, आणि सांधे कमी असल्यानें पायासहि आधार कमी मिळतो.

किती टाइल लागतील याचें गणित घरच्या मुलांकडून करवावें. अंकगणिताचा असा उपयोग पुस्तकांत मिळत नाहीं. समजा, खोली पांच फूट रुंद व सात फूट लांब आहे आणि भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल लावावयाची आहे. चारी भिंतींची लांबी 24 फूट. तिला उंचीनें गुणिलें म्हणजे 168 चौरस फूट. त्यांतून अडीच फूट रुंद दाराचे साडेसतरा वजा केले कीं सुमारें 150 राहिले. 300 बाय 450 मिलिमीटरची टाइल 1.45 चौरस फुटांची असते. म्हणजे 104 टाइल, आणि तुटफुटीसाठीं शेंकडा दहा धरून 115. जमीन 35 चौरस फूट. 300 मिलिमीटर चौरस टाइल एका फुटाहून किंचित् लहान असते, म्हणून 37, आणि तुटफूट धरून 41. टाइल गुजरातेंतील मोरबीची असो कीं आणखी कोठली, सर्व खोक्यांवरील छटेचा आणि घाण्याचा क्रमांक एकच आहे ना, हें उतरवून घेतांनाच पाहावें. निराळ्या घाण्यांत रंग थोडा तरी बदलतो. चार टाइल जपून ठेवाव्या. पांच वर्षांनीं तीच टाइल बाजारांत मिळेल असा भरंवसा नाहीं. भिंतीचा सर्वांत खालचा थर शेवटीं, जमीन झाल्यावर बसवावा, म्हणजे भिंतीवरून उतरणारें पाणी सांध्यांत न शिरतां जमिनीवर येतें. सांधे इपॉक्सीनें भरावे. तें महाग पडतें, परंतु पाणी शोषीत नाहीं आणि काळें पडत नाहीं.

सातवी पायरी उपकरणांची आणि विजेची. गीझरचा हिशेब सांगतों. 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर 25 अंशांचें पाणी 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें अर्धा तास आणि एक युनिट वीज घेतो. त्या पाण्यांत थंड पाणी मिसळून 40 अंशांचें केलें तर वीस लिटरच्या जवळजवळ तीन बादल्या भरतात. म्हणजे आठ माणसांच्या घरांत सकाळच्या स्नानास तीन वेळां तापवावें लागेल आणि तीन युनिटें लागतील. असा गीझर पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून त्यास 16 अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट पाहिजे. सहा अँपिअरच्या दिव्याच्या जोडास तो कधींहि लावूं नये. भूयोजन, म्हणजे अर्थिंग, तपासून घ्यावें आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवावा. ओल्या अंगास लागलेला विजेचा धक्का प्राणघातक होण्यापूर्वीं तो बहुधा प्रवाह तोडतो. त्याची चांचणी-कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी.

गॅसच्या गीझरविषयीं आम्हांस अधिक कडक शब्दांत लिहिणें भाग आहे. बंद खोलींत गॅस अपुऱ्या हवेंत जळूं लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणूस खोकत नाहीं, ओरडत नाहीं, नुसता गळून पडतो. या कारणानें स्नानास गेलेलीं धडधाकट माणसें परत आलीं नाहींत. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंतच असावा. तशी जागा नसेल तर तो घेऊंच नये. हवा बाहेर काढणारा पंखा किंवा उघडणारी खिडकी तर प्रत्येक न्हाणीघरास पाहिजेच.

आतां म्हाताऱ्या माणसांच्या सोयीकडे वळतों. वर सांगितलेल्या पत्रांतील भगिनींनीं हा परिच्छेद घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा. शौचकूपाशेजारीं आणि न्हाण्याच्या जागीं, जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर, धरावयाचा दांडा भक्कम भिंतींत पक्क्या खिळ्यांनीं बसवावा. टॉवेल टांगावयाची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. माणसाचें वजन पडतांच ती भिंतींतून उपटून येते. बैठकीची उंची सतरा ते एकोणीस इंच ठेवावी, म्हणजे उठतांना गुडघ्यांस ताण पडत नाहीं. खालच्या पाटाऐवजीं पायांस रबर लावलेलें वजनदार स्टूल द्यावें. दार बाहेरच्या बाजूस उघडावें, कारण आंत कोणी पडलें तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगावर अडतें. आणि कडी बाहेरूनहि काढतां येईल अशी असावी. रात्रीं वाट दाखविणारा एक मंद दिवा असावा. या सर्वांस मिळून एका परदेशी फवाऱ्याइतकाहि खर्च येत नाहीं. आणि हीं साधनें म्हातारपणाचीं म्हणून कोणी नाक मुरडूं नये; बाळंतीण, लहान मूल, पाय मुरगळलेला मुलगा, सर्वांस तीं उपयोगी पडतात. वडील माणसांस हें सांगण्याची रीतहि निराळी पाहिजे. “आई, तुमच्यासाठीं करतों,” म्हटलें तर त्या नको म्हणतील; “घरासाठीं करतों,” म्हटलें तर त्या गुपचूप दांडा धरतील.

खर्चाविषयीं एकच सूत्र ध्यानांत ठेवावें : जें पुढें फोडल्यावांचून बदलतां येतें त्यावर आज हात आंखडावा, जें बदलण्यास फोडावें लागतें त्यावर आंखडूं नये. तोटी, आरसा, कपाट, फवारा हीं पुढच्या वर्षीं घेतलीं तरी चालतील. जलरोधक थर, भिंतींतील नळ्या, तारा आणि उतार हीं आज जशीं होतील तशींच वीस वर्षें राहतील. थोरल्या दिरांचा फवारा रद्द करण्याचें कारण नाहीं. त्याची नळी भिंतींत आजच घालून ठेवावी आणि फवारा पुढच्या दिवाळीस घ्यावा. कंत्राट लेखी करावें. त्यांत साहित्याचें नांव, प्रत आणि माप लिहावें. पैसे पायरीपायरीनें द्यावे, आणि शेवटचा दशांश भाग महिनाभर खोली वापरून पाहिल्यावर द्यावा. कारागिरांस दोन वेळचा चहा आणि गोड शब्द मात्र पहिल्या दिवसापासून द्यावे. ते हिशेबांत धरूं नयेत.

खोली तयार झाल्यावर तिची निगा हेंहि कामच आहे. कूपनलिकेचें पाणी जड असेल तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. तें दिसतांच पुष्कळजण हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणतात. आम्लानें डाग जातो, पण सिमेंटचे सांधेहि जातात आणि नळांचा मुलामा उडतो. त्याहून भयंकर म्हणजे आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र झालीं तर विषारी क्लोरीन वायु निघतो. हीं दोन द्रव्यें एका खोलींत एका दिवशीं कधींहि वापरूं नयेत. रोज स्नान झाल्यावर जमीन रबरी पट्टीनें कोरडी ओढून घ्यावी आणि खिडकी उघडी ठेवावी. एवढें केलें तर बाटलीची गरज बहुधा पडत नाहीं. हें काम सुनेच्या एकटीच्या वांट्यास टाकूं नये. ज्यानें स्नान केलें त्यानेंच पट्टी ओढावी, असा घरचा नियम करावा, आणि तो यजमानांनीं प्रथम पाळावा.

पुढील अंकीं पाण्याची टांकी, तिची सफाई आणि पावसाचें पाणी सांठविण्याच्या रीती यांविषयीं लिहिण्याचा आमचा विचार आहे. ज्या वाचकांस त्याविषयीं कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं टांकीचें माप, इमारतीचें वय आणि पाणी कोठून येतें हें अवश्य कळवावें. निदानास तेवढें तरी साहित्य आम्हांस पाहिजे.